वर्दी उतरल्यावर सुटणारा आवाज : निवृत्त पोलिसांच्या संघटनांकडे इतिहासाचं साधन म्हणून कसं बघायचं?

निवृत्त पोलिसांच्या कुठल्याही संघटनेचं वार्तापत्र उघडलं की आत साधारण ठरलेला मजकूर असतो. अध्यक्षांचं मनोगत, महागाई भत्त्याच्या थकबाकीची बातमी, हयातीचा दाखला कधी द्यायचा याची सूचना, वार्षिक सभेचं इतिवृत्त, पंचाहत्तरी गाठलेल्या सभासदांचे सत्कार, सहलीचे फोटो आणि शेवटच्या पानावर श्रद्धांजली. संशोधनाच्या विषयाच्या शोधात असलेला विद्यार्थी हे चाळतो आणि बाजूला ठेवतो. यात इतिहास कुठे आहे, असं त्याला वाटतं.

मला वाटतं, भरपूर आहे. फक्त एक प्रश्न आधी विचारायला हवा : ही माणसं इतक्या हिरिरीने एकत्र का येतात? शिक्षक, बँक कर्मचारी, रेल्वे कामगार यांच्याही निवृत्तांच्या संघटना असतात. पण त्यांना नोकरीत असतानाही युनियन असते. पोलिसाचं तसं नाही. नोकरीत असेपर्यंत त्याला संघटना करायला आणि जाहीरपणे बोलायला कायद्याची आडकाठी असते. वर्दी उतरली की ती निघते. म्हणून निवृत्तांची संघटना म्हणजे खात्यात अडलेलं बोलणं बाहेर पडायची वाट होते. मात्र या वाटेने सगळ्यांचाच आवाज बाहेर येतो असं नाही. आजच्या लेखात या दोन्ही गोष्टी जरा तपशिलात बघू.

१९१९ : एकाच वर्षातल्या दोन गोष्टी

सुरुवात ब्रिटनपासून करू, कारण तिथे हा प्रश्न लवकर आणि अगदी ठळकपणे उभा राहिला. १८९० च्या कायद्याने तिथल्या पोलिसाला २५ वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतनाचा हक्क मिळाला होता. त्याआधी ते बरंचसं वरिष्ठांच्या मर्जीवर असायचं. पुढे १९१३ मध्ये पोलीस आणि तुरुंग कर्मचाऱ्यांची युनियन निघाली. तिला मान्यता नव्हती, त्यामुळे सभासदत्व लपूनछपूनच. मग पहिलं महायुद्ध आलं, भाव वाढले आणि पगार तिथेच राहिले.

३० ऑगस्ट १९१८ ला लंडनचे पोलीस संपावर गेले. पगारवाढ, युनियनला मान्यता आणि युनियनच्या कामासाठी काढून टाकलेल्या एका शिपायाला परत घेणं या मुख्य मागण्या होत्या. आणखी एक मागणी होती, ती म्हणजे पोलिसाच्या विधवेला निवृत्तिवेतन. लॉइड जॉर्ज सरकारने पगार वाढवला, शिपायाला परत घेतलं, विधवांचं निवृत्तिवेतनही मान्य केलं. युनियनला मान्यता मात्र दिली नाही.

पुढच्याच वर्षी, १९१९ मध्ये, पोलीस कायदा आला. त्याने युनियनवर बंदी घातली आणि तिच्या जागी सरकारमान्य पोलीस फेडरेशन आणलं. या फेडरेशनला संपाचा अधिकार नव्हता. विरोधात ऑगस्टमध्ये दुसरा संप झाला. या वेळी साथ कमी मिळाली. लिव्हरपूलमध्ये नऊशेहून जास्त आणि लंडनमध्ये हजाराच्या थोडे वर पोलीस संपात उतरले. त्या सगळ्यांना बडतर्फ केलं गेलं आणि परत कुणालाच घेतलं नाही. ज्यांची निवृत्ती जवळ आली होती त्यांचं निवृत्तिवेतनही गेलं.

ब्रिटनमधल्या निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांची राष्ट्रीय संघटना, म्हणजे ‘नार्पो’, हीसुद्धा याच १९१९ ची. आजही ती चालू आहे, गावोगावी तिच्या शाखा आहेत आणि सभासदांसाठी तिचा स्वतःचा अंक निघतो.

आता इथे थांबा. दोन गोष्टी एका वर्षी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. माझं पदव्युत्तर शिक्षण विज्ञानातलं असल्यामुळे हे वाक्य डोक्यात पक्कं बसलंय. इतिहासातही ते तितकंच लागू आहे. कार्यकारणभाव सिद्ध करायला संघटनेची स्थापनेच्या वेळची कागदपत्रं लागतील. पण दोन्हीकडे दाब एकच होता, एवढं नक्की म्हणता येतं. महागाईने जसा नोकरीतल्या पोलिसाचा पगार खाल्ला, तसंच आधीच निवृत्त झालेल्याचं ठरावीक निवृत्तिवेतनही खाल्लं. फरक एवढाच की एकाला संघटना करणं गुन्हा ठरलं आणि दुसऱ्याला मोकळीक राहिली.

१९८२ : चार महिन्यांचं अंतर

आता भारतात येऊ. संविधानाच्या अनुच्छेद ३३ नुसार सैन्य आणि सुव्यवस्था राखणाऱ्या दलांच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते. त्या आधारावर १९६६ मध्ये पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. परवानगीशिवाय पोलिसाला युनियनचं सभासद होता येत नाही. आणि कामाचा भाग किंवा निव्वळ साहित्यिक, कलात्मक, वैज्ञानिक लेखन सोडलं तर त्याला परवानगीशिवाय वर्तमानपत्राशी बोलता येत नाही, पुस्तक छापता येत नाही.

हा कायदा लागू आहे तो ‘पोलीस दलाच्या सदस्याला’. निवृत्त झालेला माणूस सदस्य राहत नाही. (गुप्तचर आणि सुरक्षेच्या काही केंद्रीय संस्थांतल्या निवृत्तांना मात्र लिहिण्याआधी परवानगी घ्यावी लागते, त्यांचे नियम २०२१ मध्ये आणखी कडक झाले.)

महाराष्ट्रात पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना होती आणि तिला सरकारची मान्यताही होती. १९८२ चं मुंबई शहर डोळ्यांसमोर आणा. जानेवारीपासून गिरण्यांचा संप चालू होता. १५ ऑगस्टला पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टला सरकारने संघटनेची मान्यता काढून घेतली, पुढाऱ्यांना अटक केली आणि शहर पेटलं. वरळी, नायगाव, दादर या भागांत पोलीस वसाहती आणि गिरणी कामगारांच्या चाळी शेजारी शेजारीच होत्या; गिरणी कामगारही रस्त्यावर आले. लष्कर बोलवावं लागलं. पुष्कळ पोलिसांच्या नोकऱ्या गेल्या.

त्याच वर्षी १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्याचा निकाल दिला. तेव्हा सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. ३१ मार्च १९७९ या तारखेच्या आधी आणि नंतर निवृत्त झालेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना वेगवेगळ्या सूत्राने निवृत्तिवेतन देणं न्यायालयाने रद्द ठरवलं. निवृत्तिवेतन ही सरकारची कृपा किंवा बक्षीस नाही, ते आधी केलेल्या सेवेचं देणं आहे, हे तत्त्व या निकालाने ठाम केलं. १७ डिसेंबर आज पेन्शनर्स डे म्हणून पाळला जातो, तो यामुळेच.

हा खटला पोलिसांचा नव्हता. तरी ही दोन पानं शेजारी ठेवून वाचा. ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसाची संघटना गेली. डिसेंबरमध्ये देशातल्या निवृत्तांना न्यायालयात उभं राहायला भक्कम जमीन मिळाली. यानंतर निवृत्तांच्या वार्तापत्रांत थकबाकी, समान निवृत्तिवेतन, न्यायालयीन निकाल यांच्या बातम्या इतक्या का दिसतात, ते आता वेगळं सांगायला नको.

पण बोलतं कोण?

इथून पुढचा भाग संशोधकासाठी जास्त महत्त्वाचा आहे.

१९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. त्याचा फेब्रुवारी १९७९ चा पहिला अहवाल शिपायांवर भर देणारा होता : पगार, घर, कामाचे तास, तक्रार ऐकून घ्यायची व्यवस्था. अहवाल बराच काळ धूळ खात पडले. १९९६ मध्ये निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी आयोगाच्या शिफारशी अमलात आणाव्यात म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २२ सप्टेंबर २००६ ला न्यायालयाने सात निर्देश दिले. भारतातल्या पोलीस सुधारणांमधला हा सगळ्यात मोठा टप्पा, आणि तो गाठला गेला एका निवृत्त अधिकाऱ्याच्या याचिकेमुळे.

आता ते सात निर्देश नीट बघा. महासंचालकांची निवड आणि मुदत, राज्य सुरक्षा आयोग, मोक्याच्या जागांवरच्या अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षं, तपास आणि बंदोबस्त वेगळा करणं, बदल्या-बढत्यांसाठी मंडळ, तक्रार प्राधिकरण, केंद्रीय पातळीवरचा आयोग. बदल्या-बढत्यांचा मुद्दा सोडला तर शिपायाच्या पदरात थेट फारसं काही पडत नाही. पहिल्या अहवालातलं घर आणि कामाचे तास या यादीत नाहीत. यात याचिकाकर्त्याचा दोष काढायचं कारण नाही; राजकीय हस्तक्षेप हा खरोखरच मोठा प्रश्न होता. पण वरच्या पदावरून दिसणारा प्रश्न आणि चौकीतून दिसणारा प्रश्न वेगळा असतो, हे यातून कळतं.

पुस्तकांचंही तेच. १८५७ च्या काळात मुंबईचे पोलीसप्रमुख असलेले चार्ल्स फोर्जेट निवृत्तीनंतर इंग्लंडला गेले आणि १८७७ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं. एस. एम. एडवर्ड्स १९०९ ते १९१६ आयुक्त होते. मुंबई पोलिसांचा त्यांनी लिहिलेला इतिहास १९२३ मध्ये आला. १९८२ च्या ऑगस्टमध्ये आयुक्त होते ज्युलिओ रिबेरो. त्यांचं आत्मकथन १९९८ चं. तिन्ही पुस्तकं मोलाची आहेत आणि तिन्ही आयुक्तांच्या खुर्चीवरून लिहिलेली आहेत. त्या ऑगस्टमध्ये ज्याची नोकरी गेली त्या शिपायाचं पुस्तक शोधायला निघा, म्हणजे फरक लगेच कळेल.

विज्ञानात याला आपण निवडीचा दोष म्हणतो. नमुना ज्या वाटेने हातात आला, ती वाटच निष्कर्ष वाकवते. निवृत्तांच्या संघटनेत तर ही चाळणी दुहेरी असते. जो बडतर्फ झाला तो ‘निवृत्त’ नसतो, त्यामुळे सभासद यादीत येत नाही. जो निवृत्तीनंतर लवकर गेला, तो श्रद्धांजलीच्या दोन ओळींत येतो, तेवढाच.

घर नावाचा प्रश्न

शिपायाच्या निवृत्तीत सगळ्यात मोठी घटना कुठली? निरोपसमारंभातला नारळ आणि शाल? खरं तर क्वार्टर सोडणं.

मुंबईच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, खोली साधारण १६० चौरस फुटांची. यातल्या अनेक खोल्या पोलिसांची सेवानिवासस्थानं झाली. महाराष्ट्रात पोलीस ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. त्या दिवशी पगार थांबतो, आणि नियमाप्रमाणे खोलीही सोडायची असते. खोलीबरोबर शेजार जातो, गणपतीचं मंडळ जातं, मुलांची शाळा लांब पडते. अधिकाऱ्याने तोवर कुठेतरी घर घेतलेलं असू शकतं. शिपायाला मुंबईत ते परवडणं कठीण. म्हणून अनेक कुटुंबं तिथेच राहिली आणि वाद वर्षानुवर्षं चालला.

पुनर्विकास ठरला तेव्हा प्रश्न आला : पोलीस कुटुंबांना नवं घर मिळणार का, आणि कितीला? २०२२ मध्ये आधी ५० लाखांचा आकडा आला, मग २५ लाखांचा, आणि शेवटी १५ लाख ठरले. एका वर्षात एवढी घसरण आपोआप होत नाही. रहिवाशांनी, त्यात निवृत्तांनी आणि त्यांच्या घरच्यांनी, ती लावून धरली. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांना मिळाल्या.

१९७९ च्या अहवालातला घराचा मुद्दा २००६ च्या निर्देशांत नव्हता. तो चाळीच्या आवारातल्या सभांमधून पुढे गेला. त्या सभांची इतिवृत्तं कुणी जपली असतील तर तो आपल्यासाठी खजिना आहे.

तुम्ही हे साधन वापरणार असाल तर

एक, मोजा. वार्तापत्राचे दहा वर्षांचे अंक मिळाले तर कुठल्या विषयाला किती जागा दिलीय, पदाधिकारी कुठल्या हुद्द्यावरून निवृत्त झालेत, सत्कार कुणाचे होतात, याचा साधा तक्ता करा. संघटना कुणाची आहे ते त्यातून दिसतं.

दोन, श्रद्धांजली नीट वाचा. भरतीचं साल, गाव, नेमणुका, हुद्दा हे सगळं त्या चार ओळींत असतं. शंभर श्रद्धांजल्या मिळून एका पिढीच्या भरतीचं चित्र उभं राहतं.

तीन, घरातल्या बायकांशी बोला. १९१८ च्या लंडनमध्ये विधवांच्या निवृत्तिवेतनाची मागणी होती. आपल्याकडे कुटुंब निवृत्तिवेतनासाठी कचेरीत खेटे घालतात त्या बहुतेक बायकाच. सभासद यादीत त्या पुष्कळदा फक्त ‘यांच्या पत्नी’ म्हणून असतात.

चार, नावं-पत्ते सांभाळा. ही हयात माणसं आहेत, काहींना जुन्या प्रकरणांमुळे धोकाही असतो. लेखी संमती घ्या, प्रबंधात नावं बदला.

पाच, घाई करा. आता हयातीच्या दाखल्याची आठवण, निधनाची बातमी, सभेचं निमंत्रण सगळं व्हॉट्सॲपवर जातं. फोन बदलला की गेलं. आणि १९८२ मध्ये विशीत असलेला शिपाई आज साठी ओलांडून पुढे गेलाय.

तुमच्या तालुक्याच्या ठिकाणी निवृत्त पोलिसांची संघटना असेल तर या सुट्टीत एकदा जाऊन या. प्रश्नावली नंतर. आधी एवढंच विचारा : जुने अंक आणि सभांच्या वह्या कुणाकडे आहेत?