फिस्टर : एका विनोदी नटाचा इतिहास

कीर्केगॉर म्हटलं की आपल्याला भीती, नैराश्य, श्रद्धा हे शब्द आठवतात. पण हा तत्त्वज्ञ कोपनहेगनच्या रॉयल थिएटरचा जाणकार प्रेक्षकही होता. १८४८ साली त्याने एका विनोदी नटावर लेख लिहिला. तो नट म्हणजे लुडविग फिस्टर (१८०७–१८९६).

डॅनिश भाषेतली नाटकं रंगमंचावर आली ती १७२२ मध्ये, होल्बर्गच्या विनोदी नाटकांसोबत. त्यात हेन्रिक नावाचा बिलंदर नोकर पुन्हापुन्हा येतो, धन्याला बनवतो आणि वेळेला तारतोही. ही परंपरा एकोणिसाव्या शतकात ज्यांनी जिवंत ठेवली, त्यांत फिस्टर अग्रगण्य.

कीर्केगॉरने मात्र होल्बर्गची भूमिका निवडली नाही. एका फ्रेंच संगीतिकेतला कॅप्टन स्किपिओ त्याने घेतला. हा पोपच्या पोलीसदलातला अधिकारी. म्हणजे धड सैनिक नाही, धड कारकून नाही. ऐट लष्करी, काम मुलकी. त्यात दारूची सवय! आता दारुडा उभा करायचा तर झोकांड्या खाल्ल्या की झालं, असं आपल्याला वाटेल. फिस्टर ते करत नाही. त्याचा कॅप्टन नशा लपवायला धडपडतो, अब्रू सांभाळतो; आणि नेमकं त्या सांभाळण्यातूनच सगळं उघड होतं. हसू येतं ते दारूचं नव्हे, विसंगतीचं.

कीर्केगॉरचा मुद्दा असा : फिस्टरचं सामर्थ्य विचारात आहे. अशा नटाला नुसती ‘वा, वा’ देऊन भागत नाही. त्याने जे विचारपूर्वक उभं केलं, ते प्रेक्षकालाही तितक्याच विचाराने उलगडून सांगता आलं पाहिजे. म्हणजे हसणाऱ्यावरही जबाबदारी आली!

पण हा लेख त्याने छापला नाही. आपल्याला धार्मिक लेखक म्हणून कसं वाचलं जाईल, याची विवंचना त्या वर्षी त्याला फार होती. अभिनेत्री योहान लुइस हायबर्गवरचा त्याचा लेख तेवढा वर्तमानपत्रात आला. फिस्टरचा लेख कागदपत्रांत पडून राहिला. १८५५ मध्ये कीर्केगॉर गेला. त्यानंतर फिस्टर चार दशकं जगला.

फिस्टरचा आवाज, चाल, डोळ्यांतली ती सावध नशा आज आपल्याला पाहता येत नाही. नटाचं काम त्याच्यासोबत जातं. मागे उरतं ते कुणीतरी नीट पाहून लिहिलेलं. म्हणून विनोदी नटांचा इतिहास लिहायचा, तर कोण किती हसलं एवढ्यावर थांबून चालणार नाही. का हसलं, हे त्या काळातच कुणीतरी लिहून ठेवावं लागतं.