अंतर्गळाची गोष्ट

आमच्या घरी ‘अंतर्गळ’ हा शब्द कुजबुजतच उच्चारला जाई. ऑपरेशनच्या भीतीने आजोबा जन्मभर पट्टा बांधून वावरले. गेल्या वर्षी इथे टोरोंटोत माझाच हर्निया निघाला, तेव्हा म्हटलं, याचा इतिहास तरी वाचू!

पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतडं बाहेर डोकावतं, तो हर्निया. पूर्वी टाके घातले तरी तो पुन्हा उद्भवे. इटलीतल्या पादुआच्या एदोआर्दो बास्सिनींनी १८८७ मध्ये जांघेतली ही भिंतच शिवून बळकट करण्याची पद्धत मांडली. दुसऱ्या महायुद्धात हर्नियामुळे सैन्यात नाकारलेल्या तरुणांवर आपल्या टोरोंटोच्या डॉ. शोल्डाइस यांनी शस्त्रक्रिया केल्या. १९४५ मध्ये त्यांनी खास रुग्णालय काढलं. रुग्णाला झोपवून ठेवायचं नाही, लगेच चालवायचं, हा त्यांचा आग्रह! पुढे १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या डॉ. लिक्टेनस्टाइन यांनी टाक्यांवर ताण न देता जाळी बसवणं रूढ केलं.

मलाही जाळीच बसवली. संध्याकाळी घरी आलो, दुसऱ्या दिवशी अंगणात फिरलो. काही आठवडे जड उचलायचं नाही, एवढंच पथ्य.

मंडळी, पट्ट्याने भोक बुजत नाही. गाठ लपवू नका, डॉक्टरांना दाखवा. ती दुखू लागली, आत जाईना, उलट्या झाल्या, तर तडक इस्पितळ गाठा. आजोबांना हे सांगायला कुणी नव्हतं.