आबांची दुनळी

खंडेनवमीला आमच्या घरी कोयता, विळा, नांगराचा फाळ यांच्याबरोबर आबांची दुनळी बंदूकही पाटावर यायची. इंग्रजांच्या 1878 च्या हत्यार कायद्यात साध्या कुणब्याला बंदूक मिळणं अवघड. आबांना पाटीलकीमुळं परवाना मिळाला. पुढं 1959 चा कायदा आला. आबांमागं परवाना अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या नावावर झाला, पीकराखणीसाठी. भुईमुगात डुकरं शिरली की अण्णा माळ्यावरून हवेत बार काढायचे.

मी दहावी झालो त्या साली बंदूक बिघडली. उजवा चाप ओढला की डावा घोडाही आपोआप पडायचा. दोन्ही बार एकदम! अण्णांचा खांदा काळानिळा झाला. गावच्या लोहारानं राकेलनं धुऊन आत कानस लावली, तर डावा घोडा चढवलेला राहीचना.

मग परवाना खिशात, बंदूक घोंगड्यात, असे आम्ही बापलेक एस.टी.नं साताऱ्याला परवानेवाल्या मिस्त्रीकडं गेलो.

मिस्त्रींनी कळ खोलली. घोड्याच्या आतल्या तुकड्याला एक खाच असते, तिच्यात चापाची जीभ अडकते. तिची कड झिजून गोल झाली होती, म्हणून पहिल्या बाराचा हिसका बसला की जीभ सुटायची. त्यात कानशीनं वरचा कडक थर गेला आणि खालचं मऊ लोखंड उघडं पडलं. "खाच नव्यानं धरून पाणी द्यावं लागेल," ते म्हणाले.

काम एवढंच, असं वाटलं. पण त्यांनी नळ्या सोडवल्या, दोरीला टांगल्या आणि टिचकी मारली. घंटेसारखा आवाज यायला हवा, आला बद्द. दोन नळ्यांमधला डाख सुटला होता. मग नळी उजेडाकडं धरून मला आत बघायला लावलं. देवीचे वण असावेत तसे खड्डे! काळ्या दारूची काजळी ओल धरते. नळी त्याच दिवशी धुतली नाही तर लोखंड खाते.

नळ्यांच्या बुडाशी बारीक इंग्रजी अक्षरं होती. मिस्त्री म्हणाले, "वाच, शिकलायस ना?" मी वाचलं, "नॉट फॉर बॉल." म्हणजे अखंड गोळी घालू नये. बर्मिंगहॅमच्या तपासणीघरात हा शिक्का 1875 ते 1887 पर्यंत मारत. नळ्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून केलेल्या, काळ्या दारूपुरत्या. बिनधुराच्या दारूचा जोर सोसतील असा शिक्का कुठंच नव्हता. आणि अण्णा बाजारची काडतुसं घालत होते, तीच!

बार काढताना अण्णांचा डावा हात नळ्यांखाली असायचा. कंदील धरून मी शेजारी.

अण्णांनी विचारलं, "घोडे तर होतील ना नीट?"

"होतील. पण घोडे नीट झाले म्हणून नळ्या तरण्या होत नाहीत."

अण्णांनी घोडे नीट करून घेतले, पण काडतुसं पुन्हा आणली नाहीत. त्या साली आम्ही रात्रभर पत्र्याचे डबे बडवले, तरी निम्मा भुईमूग डुकरांनी नेला. त्यावरून अण्णा घरात एक शब्द बोलले नाहीत.

पुढं दर खंडेनवमीला तेल दिल्यावर ते दोन्ही घोडे चढवायचे. जागेवर थांबलेले बघायचे. मग अंगठ्यानं धरून एकेक हळूच उतरवायचे.