आयनी संयुगे : संकल्पनेचा इतिहास

विद्युत् भार असलेला अणू किंवा अणुगट म्हणजे आयन. धन व ऋण आयन परस्परांच्या आकर्षणाने एकत्र येऊन जी संयुगे बनतात त्यांना आयनी संयुगे म्हणतात. मीठ (सोडियम क्लोराइड) हे त्यांचे सर्वांत परिचित उदाहरण होय. मिठाच्या स्फटिकात एक सोडियम व एक क्लोरीन यांचा मिळून झालेला स्वतंत्र रेणू नसतो, ही गोष्ट आता विद्यार्थ्यांनाही ठाऊक असते. परंतु ती मान्य होण्यास चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला व विरोध करणाऱ्यांत नामवंत रसायनशास्त्रज्ञ होते.

हंफ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये वितळलेल्या क्षारांतून विद्युत् प्रवाह पाठवून पोटॅशियम व सोडियम या धातू वेगळ्या केल्या. त्यामुळे रासायनिक आकर्षण हे मूलतः विद्युतीय असावे, या कल्पनेस बळ मिळाले. बर्झीलियस यांनी तिला सिद्धांताचे रूप दिले. पण कार्बनी संयुगांत धन मानलेल्या हायड्रोजनाची जागा ऋण मानलेला क्लोरीन सहज घेतो असे दिसून आल्यावर तो सिद्धांत मागे पडला. मायकेल फॅराडे यांनी १८३४ मध्ये ‘आयन’ ही संज्ञा रूढ केली. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जाणारा’ असा आहे. मात्र प्रवाहामुळेच आयन निर्माण होतात, अशी त्यांची समजूत होती.

स्वांटे आऱ्हेनियस यांनी १८८४ मध्ये अप्साला विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात विद्रावांच्या विद्युत् संवाहकतेचा विचार केला होता. परीक्षकांनी त्याला कनिष्ठ श्रेणी दिली व तरुण संशोधकाचा अध्यापनाचा मार्ग जवळजवळ बंद झाला. त्याच वर्षी व्हिल्हेल्म ओस्टव्हाल्ट स्वतः अप्सालास येऊन त्यांना भेटले, म्हणून हे कार्य दुर्लक्षित राहिले नाही. प्रवाह नसतानाही विद्रावात मुक्त आयन असतात, हे मत आऱ्हेनियस यांनी १८८७ मध्ये स्पष्टपणे मांडले. त्यावरील आक्षेप वरवर पाहता बिनतोड होता. सोडियम पाण्यात पडताच जोरदार विक्रिया होते. क्लोरीन हा विषारी, हिरवट पिवळा वायू आहे. मग हे दोन्ही मिठाच्या पाण्यात सुटे राहतातच कसे? भारित अणूचे गुणधर्म भाररहित अणूहून सर्वस्वी भिन्न असतात, हे त्याचे उत्तर. पण इलेक्ट्रॉनचा शोध लागण्यापूर्वी (१८९७) ते पटवून देणे कठीण होते. पुरावा मात्र भक्कम होता. पाण्याचा गोठणबिंदू साखरेच्या विरल विद्रावात जितका उतरतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट तो तितक्याच ग्रॅम-रेणू मिठाने व सुमारे तिप्पट कॅल्शियम क्लोराइडाने उतरतो. विद्रावात दोन किंवा तीन कण सुटे होत असल्याखेरीज या आकड्यांचा अर्थ लागत नाही. आऱ्हेनियस यांना १९०३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि कोरड्या मिठात रेणूच असतात व पाण्यात त्यांपैकी काहींचे विगमन होते, असे आऱ्हेनियसही मानीत. ही समजूत क्ष-किरणांनी मोडली. विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ मध्ये मिठाची स्फटिकरचना उलगडली. तीत प्रत्येक सोडियमाभोवती सारख्याच अंतरावर (सु. २.८२ अँगस्ट्रॉम) सहा क्लोरीन व प्रत्येक क्लोरीनाभोवती सहा सोडियम असतात, अमुक सोडियमाचा जोडीदार अमुक क्लोरीन, असे म्हणताच येत नाही. या मांडणीवरून अणूंच्या जागा कळल्या, भार नव्हे. सोडियम एक इलेक्ट्रॉन गमावून व क्लोरीन तो घेऊन अक्रिय वायूसारखी स्थिर रचना मिळवितात, हे स्पष्टीकरण व्हाल्टर कोसेल यांनी १९१६ मध्ये दिले. इलेक्ट्रॉनांच्या जोडीने होणाऱ्या बंधाची कल्पना गिल्बर्ट न्यूटन ल्यूइस यांनी त्याच वर्षी मांडली. १९१८ मध्ये कलकत्त्याचे ज्ञानचंद्र घोष यांनी तीव्र विद्युत् विच्छेद्ये विद्रावात पूर्णतः आयनरूप असतात असे प्रतिपादन केले. त्यांचे गणित टिकले नाही. परंतु पूर्ण विगमनाचा विचार डेबाय व ह्यूकेल यांच्या १९२३ च्या सिद्धांतातही पायाभूत राहिला.

धातूंतही स्वतंत्र रेणू नसतात. तेथे धन आयनांच्या जालकात इलेक्ट्रॉन सर्वांचे सामाईक असतात. या कल्पनेची सुरुवात पाउल ड्रूड यांनी १९०० मध्ये केली.

इतके होऊनही १९२७ मध्ये हेन्री एडवर्ड आर्मस्ट्राँग या वृद्ध इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी नेचर नियतकालिकात पत्र लिहून मिठाच्या या बुद्धिबळाच्या पटासारख्या रचनेची खिल्ली उडविली. त्यांचा राग केवळ हटवादीपणाचा म्हणता येणार नाही. रेणू ही एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्राची सर्वांत मोठी मिळकत होती व ती मिठासारख्या साध्या पदार्थातूनच काढून घेतली जात होती. मिठाचे सूत्र तेव्हापासून केवळ प्रमाणदर्शक ठरले. त्याचा ‘रेणुभार’ म्हणण्याऐवजी ‘सूत्रभार’ म्हणणे अधिक योग्य होय. शुद्ध आयनी बंध ही देखील एक मर्यादाच आहे. सिल्व्हर आयोडाइडासारख्या संयुगांत बंधाचे स्वरूप बऱ्याच अंशी सहसंयुजी असते, हे फायान्स व पुढे पॉलिंग यांच्या कार्यावरून स्पष्ट झाले.

मिठाचा रेणू मुळीच नाही, असे मात्र नव्हे. मीठ ८०१° से. ला वितळते, त्याहून पुष्कळ अधिक तापवून त्याची वाफ केल्यास तीत एक सोडियम व एक क्लोरीन यांचे सुटे रेणू, तसेच त्यांच्या जोड्या आढळतात. या सुट्या रेणूतील दोन अणूंमधील अंतर सु. २.३६ अँगस्ट्रॉम, म्हणजे स्फटिकातील अंतरापेक्षा बरेच कमी असते.