तावीज नाही, गोळी नाही. मग समुपदेशक देतो काय?

नववीतल्या एका मुलाने शाळेत येणे जवळपास बंद केले होते. त्याच्या अम्मीला मी समुपदेशकाकडे जाण्यास सुचवले. त्यांनी विचारले, "सर, तिथे तावीज देतात की गोळी?" दोन्ही नाही, म्हणालो. "मग जायचे कशाला? लोक पोराला वेडा म्हणतील." या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या नगरशी जोडलेला आहे.

१८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरमध्ये (आजचे अहिल्यानगर) केंद्र सुरू केले. याच मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ मध्ये मुंबईत आले. नागपाडा या दाट, गरीब, मोठ्या मुस्लिम वस्तीच्या भागात त्यांनी 'नागपाडा नेबरहुड हाऊस' उभे केले. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, या संस्थेने बालमार्गदर्शन केंद्र काढले. भारतातले ते पहिले मानले जाते.

अशा केंद्रांची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. मूल बिघडले, असे धरून तिथे सुरुवात होत नसे. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता मिळून काम करत. मुलाशी बोलत, आईवडिलांशी बोलत, घर आणि शाळा समजून घेत. आजच्या समुपदेशनाचा पाया हाच आहे.

म्हणून तिथे जाताना काय अपेक्षा ठेवावी? पहिल्या भेटीत बहुतेक वेळ ऐकण्यात जातो. एका भेटीत प्रश्न सुटत नाही, काही आठवडे लागतात. समुपदेशक काझी नाही, तो निकाल देत नाही. निर्णय आपलाच राहतो. तो औषध लिहून देत नाही. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. सांगितलेली गोष्ट तो बाहेर नेत नाही. मात्र जिवाला धोका असेल, तर गप्प बसत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणे बंधनकारकच आहे. शिक्षण कुठे झाले, फी किती, हे आधी विचारण्यात संकोच नको. आणि एकाशी मन जुळले नाही, तर दुसऱ्याकडे जावे.

हे सारे परके आहे, असे काहींना वाटते. पण नवव्या-दहाव्या शतकातल्या अबू झैद अल-बल्खी या विद्वानाने शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. राग, भीती, दुःख आणि वसवसा, म्हणजे पिच्छा न सोडणारे विचार, यांचा त्यात स्वतंत्र विचार आहे. शरीराला जसा बाहेरून इलाज लागतो, तसा मनालाही दुसऱ्याच्या बोलण्याचा आधार लागतो, हे त्याला मान्य होते. दुआ करणाऱ्याने इलाज टाळावा, असे आपल्या परंपरेत नाही.

त्या अम्मींना मी एवढेच म्हणालो, "एकदा जाऊन बसा. पोराला तिथे कोणी वेडा म्हणणार नाही." जाणे जमत नसेल, तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. पहिला फोन आईने केला तरी चालतो.