वनथोंगचा खटला आणि तीन मुद्रांचा कायदा

सयामच्या न्यायव्यवस्थेचा इतिहास लिहिणाऱ्याला बहुधा एका काडीमोडापासून आरंभ करावा लागतो. पहिला राम (कारकीर्द १७८२–१८०९) हा बँकॉकच्या चक्री घराण्याचा संस्थापक. त्याच्या दरबारी बुन्सी नावाच्या राजकीय लोहाराने फिर्याद गुदरली. त्याची पत्नी पोम हिने काडीमोड मागितला होता आणि न्यायाधिकाऱ्यांनी तो दिलाही होता. बुन्सीच्या म्हणण्याप्रमाणे दोष तिचा होता, तिचे परपुरुषाशी संबंध होते. न्यायाधिकाऱ्यांनी मात्र कायद्याच्या पोथीवर बोट ठेवले. पतीचा अपराध नसला तरी पत्नीने मागितल्यास काडीमोड द्यावा, असा तीत पाठ होता. राजाने न्यायसभेतील, ग्रंथागारातील आणि शयनगृहातील अशा तिन्ही प्रती मागवून ताडून पाहिल्या. तिन्हींचा पाठ एकच निघाला.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला यानंतरचे पाऊल विस्मयकारक वाटेल. तीन स्वतंत्र ठिकाणच्या प्रती जुळतात, तेव्हा पाठ अस्सल असण्याचा संभव वाढतो. राजाने उलट निष्कर्ष काढला. पाठ न्यायाला धरून नाही, म्हणून तो भ्रष्ट झाला असला पाहिजे! अकरा जणांचे मंडळ नेमले गेले आणि १८०५ साली नवी संहिता सिद्ध झाली. राजसिंह, गजसिंह व कमळ या तीन खात्यांच्या मुद्रा तिच्यावर उमटवल्या गेल्या, म्हणून ती ‘तीन मुद्रांचा कायदा’ या नावाने ओळखली जाते. पोमला सोडवणारे वाक्यच अशा रीतीने आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले.

राजाने सरळ नवा कायदा का केला नाही? याचे उत्तर संहितेच्या आरंभी असलेल्या ‘फ्रा थम्मसात’मध्ये सापडते. हे धर्मशास्त्र मोन परंपरेतून सयामला पोचले. त्यातील मनोसार हा आपल्या मनूचाच बौद्ध अवतार होय. महासंमत राजाचा हा न्यायाधीश काकडीच्या वेलीचा एक तंटा चुकीचा निवाडतो. वेल शेजाऱ्याच्या जमिनीत शिरलेला, आणि फळ जमिनीच्या धन्याचे असा त्याचा निर्णय. दुसरा अधिकारी वेल मागे ओढून मूळ शोधतो आणि निवाडा फिरवतो. लज्जित मनोसार तपाला जातो, चक्रवाळाच्या भिंतीपाशी पोचतो आणि तेथे कोरलेला धर्म वाचून परततो. जो कायदा विश्वाच्या भिंतीवर आहे, तो राजाला रचता येत नाही. फार तर त्याची नक्कल बिघडल्याचे म्हणता येते. याच राजाने १७८८ मध्ये त्रिपिटकाच्या पाठशुद्धीसाठीही भिक्षुसभा भरवली होती.

त्याच काळात ‘खुन छांग खुन फेन’ ही लोककथा दरबारात येत होती. लाकडी चिपळ्यांच्या तालावर गायिली जाणारी ही सुफनबुरीकडची कथा दुसऱ्या रामाच्या कारकीर्दीत (१८०९–१८२४) दरबारी कवींनी नव्याने रचली. तिच्यात तंटे, तुरुंग आणि न्यायसभा यांची रेलचेल आहे. छांगने आपल्याला लहानपणी मारण्याचा प्रयत्न केला, अशी फिर्याद वनथोंगचा मुलगा फ्रा वाई करतो आणि तिचा निर्णय पाण्यात बुडी मारण्याच्या दिव्याने होतो. याज्ञवल्क्याने सांगितलेल्या पाच दिव्यांत जलदिव्य आहेच. मराठेशाहीतील रवादिव्य ठाऊक असलेल्या वाचकालाही हा प्रकार परका वाटू नये.

परंतु काव्याचा मर्मभाग वेगळा आहे. श्रीमंत, कुरूप छांग आणि देखणा, मंत्रविद्या जाणणारा फेन या दोघांत वनथोंगची आयुष्यभर ओढाताण होते. तिला पळवतात पुरुष, फिर्यादीही तेच करतात. अखेर राजा तिलाच विचारतो : छांग, फेन की मुलगा, कोणाकडे राहणार? तिला निवड करता येत नाही. राजा तिला देहान्ताची शिक्षा देतो. मुलाच्या विनवणीने माफी मिळते; पांढरे निशाण फडकावीत स्वार दौडत येतो, पण त्याचा अर्थ उलटा घेऊन मारेकरी घाई करतो.

पोमने निवड केली म्हणून कायदाच संशयास्पद ठरला. वनथोंगने निवड केली नाही म्हणून ती मारली गेली. पहिली दप्तरातील स्त्री, दुसरी काव्यातील, हा भेद अर्थातच विसरता येत नाही. तथापि दोन्हीकडे अपराध ठरवण्याची रीत एकच दिसते : प्रजेच्या घरातील अव्यवस्था हा राजाच्या व्यवस्थेचा अवमान. थाई बोलीत ‘दोन मनांची वनथोंग’ म्हणजे चंचल स्त्री. हा ठपका राजाच्या निकालाचाच प्रतिध्वनी असून श्रोत्यांनी तो मुकाट्याने स्वीकारला, हे काव्यातील करुणा पाहता काहीसे चमत्कारिकच आहे. १९१७–१८ मध्ये राजपुत्र दमरोंग यांनी काव्याची प्रमाण आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा असभ्य वाटलेले भाग गाळले. कायद्याच्या पाठोपाठ काव्याचीही शुद्धी झाली.

दरम्यान १८५५ च्या बाउरिंग तहाने ब्रिटिश प्रजाजन सयामी न्यायालयांच्या कक्षेबाहेर गेले. पाश्चात्त्य धर्तीची दंडसंहिता (१९०८) आली ती मुख्यतः हा अधिकार परत मिळवण्यासाठी. त्याआधीच, १८६५ मध्ये, आईवडिलांनी दुसऱ्याच्या हवाली केलेली मुअन नावाची मुलगी आपल्या पसंतीच्या पुरुषासाठी मोंगकुट राजाकडे अर्ज घेऊन गेली. राजाने तिची निवड मान्य केली. यावेळी पोथी ताडून पाहण्याचा प्रश्न आला नाही. निकाल राजाच्या शब्दाने झाला, आणि वनथोंगचाही तसाच झाला होता.