वजनकाट्यावरचे बालपण : सिंगापूरची १५ वर्षे

जपानी अंमल संपून दोनच वर्षे झाली होती. १९४७ साली सिंगापूरच्या वसाहती सरकारने कुपोषित मुलांसाठी मोफत भोजनकेंद्रे उघडली. हेच शहर ४५ वर्षांनी शाळकरी मुलांचे वाढते वजन उतरवण्यासाठी सरकारी मोहीम काढील, असे भुकेल्या मुलांच्या त्या रांगा पाहणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

१९६५ मध्ये सिंगापूर स्वतंत्र झाले आणि पुढच्या एका पिढीत सुबत्ता आली. जेवणाची ताटे भरली. मात्र या चिमुकल्या राष्ट्राला मुलांच्या शरीराची काळजी वाटण्याचे आणखी एक कारण होते. १९६७ पासून तेथील तरुणांना लष्करी सेवा सक्तीची होती. शाळेतला स्थूल मुलगा हा उद्याचा धापा टाकणारा सैनिक, असा सरळ हिशेब होता. १९८२ मध्ये शारीरिक क्षमतेची राष्ट्रीय चाचणी सुरू झाली. तिच्यात धावणे, उठाबशा, लांब उडी असे प्रकार होते.

१९९२ मध्ये शिक्षण मंत्रालयाने ‘ट्रिम अँड फिट’ हा कार्यक्रम आणला. उंचीच्या मानाने अपेक्षित वजनाचा एक तक्ता होता. त्याहून वजन २० टक्के वा अधिक भरले, की मूल ‘स्थूल’ ठरे. अशा मुलांना वेगळे काढून जादा व्यायाम दिला जाई, कुठे शाळा भरण्यापूर्वी, तर कुठे मधल्या सुट्टीत. शाळेच्या कॅन्टीनमधील तळलेल्या आणि गोड पदार्थांवर बंधने आली. चांगली कामगिरी करणाऱ्या शाळांना पुरस्कार मिळू लागले. कार्यक्रमाचे खरे बळ याच पुरस्कारांत होते, आणि दुखणेही त्यांतच होते. मुलाचे वजन ही आता शाळेच्या प्रतिष्ठेची बाब झाली होती.

आकडे बोलू लागले. १९९२ ते २००० या काळात ११-१२ वर्षांच्या मुलांतील स्थूलतेचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून १४.६ टक्क्यांवर आले, तर १५-१६ वर्षांच्या मुलांत ते १५.५ वरून १३.१ झाले. बालकांतील लठ्ठपणा जगभर वाढत असताना एखाद्या देशाने तो खाली आणावा, ही साधी गोष्ट नव्हती. ब्रिटनच्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकानेही २००२ मध्ये तिची नोंद घेतली.

मधल्या सुट्टीतले चित्र मात्र निराळे होते. कार्यक्रमाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे टी, ए, एफ. ती उलटी वाचली की ‘फॅट’ होते! नाव ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हे ध्यानात आले नसेल, पण मुलांच्या नजरेतून ते कसे सुटणार? मित्र खात-खेळत असताना ठरावीक मुले मैदानाला फेऱ्या मारत. कोण धावतो आहे आणि का, हे साऱ्या शाळेला दिसे. चिडवणे ओघानेच आले. पुढे भूक मारून वजन उतरवण्याच्या मानसिक आजाराचे रुग्ण डॉक्टरांनी तपासले, तेव्हा त्यांतील काही जण याच वर्गांतून गेलेले आढळले. या एका गोष्टीवरून कार्यक्रमाला दोषी ठरवता येत नाही, कारण असे आजार अनेक कारणांनी जडतात. तरीही पालकांच्या तक्रारींना त्यामुळे वजन आले.

२००७ मध्ये मंत्रालयाने हा कार्यक्रम गुंडाळला. त्याच्या जागी ‘सर्वांगीण आरोग्य आराखडा’ आला. त्यात शरीराबरोबर मनाच्या आणि सामाजिक स्वास्थ्याचाही विचार होता. भर सर्वच विद्यार्थ्यांवर होता, आणि केवळ जाड मुलांना निवडून बाजूला काढणे थांबले. कॅन्टीनमधील आहाराचे नियम मात्र पुढेही चालू राहिले आणि काळानुसार अधिक काटेकोर झाले. कार्यक्रमाचा हा भाग कोणाला लाज न आणता चालत आला होता.

आणि वजन? ते पुन्हा चढू लागले. २०१७ पर्यंत अतिरिक्त वजनाच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण १३ टक्क्यांवर पोहोचले. जुना कार्यक्रम परत आणावा, असे म्हणणारे सिंगापुरात अधूनमधून भेटतात. त्यात स्वतः मैदानाला फेऱ्या मारलेले मात्र विरळाच.